सासऱ्याला मारलेली हाक

डोंगरावर पहिलं बर्फ पडलं की हा-मोखेले गावातले मेंढके मेंढरं खाली आणायला वरच्या तळाकडे निघण्याआधी मापित्सो म्हातारीच्या दारात उभे राहतात. कुणी सांगितलेलं नाही, पण राहतात. न राहून चालतं कुठं? ती दारातच बसलेली असते, आणि खिंडीची वाट तिच्या दारावरूनच जाते.

"न्खोनो, येतो," पोरगं म्हणतं. न्खोनो म्हणजे आजी.

"बुटात काय घातलंयस?"

"मोजे."

"आणि मोजे भिजले म्हणजे? वाळकं गवत कोंब आधी. काडेपेटी कुठाय? खिशात? अरे, खिशात घामानं ओली होते ती, माकडटोपीत ठेव. तहान लागली तर बर्फ चघळायचं नाही. आतून गारठशील."

"आणि बसायचं नाही. माहितेय मला, न्खोनो."

"माहितेय म्हणे! माहीत असणारेच बसतात. ज्याला माहीत नसतं तो घाबरून चालत तरी राहतो."

मग शेवटी ती एकच गोष्ट दोनदा सांगते. एकमेकांना नावानं हाक मारा. 'दादा' नाही, 'मित्रा' नाही, 'अरे ए' तर नाहीच. आईनं ठेवलेल्या नावानं. पोरं हो हो म्हणतात आणि निघतात, आणि मापित्सो ती दिसेनाशी होईपर्यंत वाटेकडे बघत बसते. तिला तिचे दिवस आठवतात. ते दिवस काही सुखाचे नव्हते, पण आठवले की तिला बरं वाटतं, त्याला काय करणार?

मापित्सो हे तिचं सासरचं नाव. आईनं ठेवलेलं नाव केनेवे. पण आमच्या डोंगरात सून घरात आली की सासू तिला नवं नाव देते, आणि तेही अजून पोटातसुद्धा न आलेल्या पोराच्या आईचं. मापित्सो म्हणजे पित्सोची आई. पित्सोचा पत्ता नाही, आईचं बारसं मात्र वाजतगाजत झालं. पुढं झाल्या त्या दोन मुली, पित्सो काही आला नाही. नाव तेच राहिलं. आणि केनेवे हे नाव, ज्या घोड्यावरून ती सासरी आली, त्याच घोड्यावरून माहेरी परत गेलं म्हणायचं.

नवरा त्सेलिसो लग्नानंतर महिन्याभरात सोन्याच्या खाणीवर गेला. तेव्हा गावातले सगळेच धडधाकट पुरुष खाणीवर. घरात उरली सासू मात्सेलिसो, सासरा, आणि स्पोटी नावाचा कुत्रा.

सासऱ्याचं नाव लेथोला. सुनेनं ते नाव उच्चारायचं नाही. त्याला शिवायचं नाही, घरात तो बसतो त्या बाजूला फिरकायचं नाही, त्याच्याशी समोरासमोर बोलायचं नाही. एवढ्यावर भागत नाही. नावासारखा वाजणारा शब्दसुद्धा तोंडातून काढायचा नाही. आता लेथोला म्हणजे गप्प राहणारा. झाली का पंचाईत! 'गप्प बस' म्हणायची चोरी. नणंदेची पोरं अंगणात धुमाकूळ घालायची आणि मापित्सो आपली म्हणायची, "अरे, तोंडं मिटा. अरे, आवाज पोटात ठेवा." पोरं एक नंबर लबाड. मुद्दाम विचारायची, "म्हणजे नेमकं काय करू, मामी?"

आणि ज्याचं नाव गप्प, तो माणूस कसा होता म्हणता? सकाळी डोळा उघडला की तोंडाचा पट्टा सुरू, तो झोप लागेपर्यंत. गाईशी बोलायचा, चुलीशी बोलायचा, कुऱ्हाडीला शिव्या द्यायचा आणि मग तिची समजूत काढायचा. सुनेशी बोलायची तेवढी बंदी. मग त्यानं स्पोटीला मध्ये घेतलं.

"स्पोटी, सूनबाईला सांग, आजची आंबील भिंत लिंपायला चांगली आहे."

मापित्सो खाली मान घालून म्हणायची, "स्पोटी, न्ताते आणखी एक वाटी मागतायत वाटतं. भिंत बरीच मोठी असेल."

न्ताते म्हणजे बाबा. गावातल्या प्रत्येक मोठ्या पुरुषाला न्तातेच म्हणतात. स्पोटी मध्ये बसून इकडून तिकडे मान वळवायचा. म्हातारा खो खो हसायचा, आणि सासू तव्याकडे बघत ओठ दाबायची.

त्या हिवाळ्यात वरच्या तळावरचा त्यांचा मेंढका तापानं फणफणत खाली आला. मेंढरं शेजारच्या तळावरच्या माणसाच्या भरवशावर टाकून आला होता. आणि दुसऱ्याच दिवशी वर बर्फ पडलं. बर्फाखाली गवत गेलं की मेंढरं उपाशी मरणार. ती खाली आणायला हवीत, आणि पुन्हा आभाळ भरायच्या आत आणायला हवीत.

"मी जातो," लेथोला म्हणाला.

"तुझा गुडघा तुला झऱ्यापर्यंत नेईना, आणि खिंड चढणार म्हणे," मात्सेलिसो म्हणाली.

"मग कोण चढणार? तू?"

सासूनं चुलीपाशी बसलेल्या सुनेकडे पाहिलं. "ही जाईल तुझ्याबरोबर. हिचा बाप घोडेवाला आहे. जनावराला घाबरत नाही ही."

बाईमाणूस मेंढरांच्या तळावर! गावात ही बातमी फुटायला वेळ लागला नाही. शेजारीण कुंपणावरून म्हणाली, "सूनबाई मेंढरं वळायला निघाल्या म्हणे. उद्या मिशा फुटतील हो."

"फुटू देत की," मात्सेलिसो म्हणाली. "तुझ्या नवऱ्याला तरी कुठं फुटल्यात अजून?"

पण घरात आल्यावर तिनंच सुनेला पुढ्यात बसवलं. गमबुटात वाळकं गवत भरलं, अंगात पोतं घातलं, त्यावर आपलं जाड कांबळं पांघरून खांद्यावर मोठी पिन टोचली, तोंडाला मेंढीची चरबी चोळली. आणि म्हणाली, "मेंढवाड्यात पाऊल टाकू नकोस. बाईनं टाकायचं नसतं."

"मग मेंढरं बाहेर कशी काढू, म्मे?" म्मे म्हणजे आई. सासूलाही तेच म्हणायचं.

"ते मला विचारू नकोस. मी इथं असणार. इथून मला काय दिसतंय?"

जाताना ऊन होतं. लेथोला करड्या घोडीवर, मापित्सो मागून पायी, स्पोटी दोघांच्या मध्ये. म्हाताऱ्याचं तोंड अर्थातच चालू.

"स्पोटी, ऐक. बर्फात चालायची एक रीत असते. पुढच्यानं मागच्याला नावानं हाक मारायची, मागच्यानं ओ द्यायची. ओ आली नाही की रांग थांबवायची आणि मागं जायचं. आणि हाक नावानंच बरं का. गारठा डोक्यात चढला की माणूस विसरतो आपण कुणाचे बाप, कुणाचे सासरे. आईनं मारलेली हाक तेवढी आत पोचते."

मापित्सोनं विचार केला. इथंच तर घोडं पेंड खात होतं. "स्पोटी," ती म्हणाली, "न्तातेंना विचार, मग आम्ही दोघांनी काय करायचं?"

म्हाताऱ्यानं घोडी थांबवली, दाढी खाजवली. हे काही त्याच्या ध्यानात आलं नव्हतं. मग तो हसला. "स्पोटी, सूनबाईला सांग, मी काय गप्प बसणारा माणूस आहे का? माझी बडबड ऐकू येतेय तोवर मी जिवंत आहे म्हणून समज."

मापित्सोलाही हसू आलं. त्या क्षणी दोघांनाही ते पुरेसं वाटलं.

तळावर दगडी खोपट होतं आणि त्याला लागून मेंढवाडा. म्हाताऱ्यानं खोपट सुनेला दिलं आणि आपण मेंढरांत जाऊन आडवा झाला. "मेंढरांची ऊब राजाच्या गादीला नाही, स्पोटी. आणि सांग तिला, शेणी पेटत्या ठेव, पण दाराखाली हातभर फट राहू दे. धूर कोंडला तर सकाळी माणूस उठत नाही." भिंतीपलीकडून त्याची बडबड ऐकत मापित्सोला झोप लागली. माहेर सोडल्यापासून इतकी गाढ झोप तिला लागली नव्हती, असं ती अजून सांगते.

सकाळी आभाळ खाली आलं होतं. मेंढवाड्यात तिनं पाऊल टाकलं का नाही, ते कुणी विचारलं नाही. मेंढरं बाहेर आली एवढं खरं. घोडीला वाट पायांनी कळते, म्हणून घोडी पुढं, तिचं दावं मापित्सोच्या हातात. घोडीच्या पावलांनी झालेल्या चरातून मेंढरं. शेवटी लेथोला, पायी. बर्फात घोड्यावर बसून राहणारा आधी गारठतो, म्हणून दुखऱ्या गुडघ्यानं पायी.

खिंडीत शिरले आणि धुकं उतरलं. मग बर्फ सुरू झालं. मापित्सोला घोडीचं शेपूट दिसेना. पण मागून आवाज येत होता. म्हातारा मुखियाच्या एका डोळ्याच्या बैलाची गोष्ट सांगत होता. त्या बैलाला नदीकाठी दुसरा बैल दिसला, म्हणजे पाण्यात आपलंच तोंड दिसलं, आणि तो चवताळला. म्हातारा मध्येच बैलासारखा हंबरून दाखवत होता, खोकत होता, पुन्हा सांगत होता. मापित्सो हसत चालली होती.

"...मग काय, बैल शिंगं खाली घालून पाण्यात उतरला, आणि..."

पुढचं आलं नाही.

तिला वाटलं, दम घेत असेल. ती चार पावलं चालली. आणखी चार. मग तिनं मागं वळून हाक मारली.

"न्ताते!"

नुसता वारा.

"न्ताते!"

तिनं घोडीला थोपटून उभं केलं आणि मेंढरांच्या पाठी चाचपत मागं निघाली. शेवटची मेंढी संपली, तरी म्हातारा नाही. आणखी मागं स्पोटी भुंकला. त्या आवाजानं गेली, तर एका खडकाला टेकून लेथोला बसला होता. कांबळ्याची पिन काढलेली, कांबळं खांद्यावरून घसरलेलं, आणि चेहऱ्यावर हसू. भर थंडीत त्याला उकडत होतं. गारठलेल्याला उकडायला लागलं की तो चाललाच, हे तिनं बापाकडून ऐकलं होतं.

"स्पोटी, न्तातेंना सांग, उठा. चला म्हणावं."

स्पोटीनं त्याचं तोंड चाटलं. काही नाही.

"न्ताते, उठा!" आता ती सरळ त्याच्या तोंडावर ओरडली. "न्ताते!"

डोळे न उघडता म्हातारा पुटपुटला, "न्ताते घरी नाहीत. मेंढरांकडे गेलेत."

तिला आधी कळलंच नाही. मग कळलं. म्हातारा लहान झाला होता. न्ताते म्हणजे त्याचा बाप. हाक त्याला लागतच नव्हती, दुसऱ्याच्या दारावर जात होती.

तिनं चारी बाजूंना पाहिलं. धुक्यात काय दिसणार? तरी पाहिलं, जणू प्रत्येक खडकाआड सासू कान लावून बसलीय. एकदा तोंड उघडलं, आवाज फुटेना. दुसऱ्यांदा नाव ओठांवर येऊन अडकलं. इतके दिवस जो शब्द गिळला, तो आता बाहेर यायला तयार नव्हता. म्हाताऱ्याची मान एका बाजूला कलली. आणि मग ती ओरडली.

"लेथोला!"

पापणी हलली.

"लेथोला! ऊठ रे मेल्या! मेंढरं मक्यात शिरली, आणि तू झोपा काढतोस? लेथोला!"

"आलो, म्मे," म्हातारा म्हणाला, आणि खरंच उठायची धडपड करू लागला.

तिनं त्याला काखेत हात घालून उभं केलं. शिवायचं नव्हतं, शिवली. कांबळं ओढून पिन टोचली. त्याचे हात एका मेंढीच्या दाट लोकरीत खुपसून धरले, तोंडात उकडलेले मक्याचे दाणे कोंबले आणि "चाव, चाव" म्हणून दम भरला. मग त्याला ओढत घोडीपाशी आणलं आणि घोडीचं शेपूट त्याच्या मनगटाला गुंडाळून दिलं. घोडी ओढेल तसा तो चालणार.

"लेथोला!"

"ओ."

दहा पावलं. "लेथोला!"

"ओ!"

अशी खिंड उतरत असताना मागून एकदम जागा आवाज आला. स्पोटी नाही, काही नाही, सरळ तिलाच. "आणि तू पडलीस तर मी काय म्हणून हाक मारू? तुझ्या आईनं तुला काय नाव ठेवलं होतं?"

"केनेवे."

"केनेवे!" म्हातारा ओरडला.

"ओ!" ती म्हणाली, आणि तिला रडू आलं. लग्नापासून त्या नावानं तिला कुणी हाक मारली नव्हती. नवऱ्यानंसुद्धा नाही.

"रडतेस का? रडू नको, गाल गोठतात. केनेवे!"

"ओ! लेथोला!"

"ओ!"

अख्ख्या आयुष्यात इतकं हलकं कधी वाटलं नाही, असं ती म्हणते. पायाची बोटं बधिर, समोर वाट नाही, मरण हाताच्या अंतरावर, आणि ही बाई आनंदात.

शेवटच्या वळणाला धुकं फाटलं. खाली गावातला धूर दिसला. हाका थांबल्या. कुणी कुणाला थांब म्हटलं नाही. म्हातारा घसा खाकरून म्हणाला, "स्पोटी, सूनबाईला सांग, घर आलं."

पण डोंगरात आवाज लपत नाही. आम्ही या डोंगरावरून त्या डोंगरावर गप्पा मारणारी माणसं. वाऱ्याबरोबर ती हाक गावात केव्हाच पोचली होती. दुसऱ्या दिवशी सकाळी म्हाताऱ्याचा थोरला चुलतभाऊ सेखोबे, काठी आपटत, दोन माणसं घेऊन दारात हजर.

"सुनेनं सासऱ्याचं नाव घेतलं. एकदा नाही, शंभरदा. 'मेल्या' म्हणाली. पूर्वजांनी ऐकलंय, गावानं ऐकलंय. असली सून घरात नको. आजच माहेरी पोचवा."

मापित्सो भिंतीशी उभी होती. माहेरी परत पाठवलेल्या सुनेचं काय होतं, ते तिनं थोरल्या बहिणीच्या बाबतीत पाहिलं होतं.

"ती माझी आई होती," लेथोला पांघरुणातून म्हणाला.

"तुझी आई मरून जमाना झाला!"

"मग तूच सांग, दुसरं कोण होतं? आता मला नावानं हाक मारणारं या गावात उरलंय कोण? तू तरी मारतोस का? सगळे न्ताते, न्ताते. मी मरत होतो, सेखोबे. आई आली, तिनं मला उठवलं. तुझी नसेल आली कधी."

सोबतची माणसं चपापली. मेलेल्या आईच्या येण्यावर कोण काय बोलणार? पण सेखोबे पक्का होता.

"बरं. आई तर आई. मग तू 'केनेवे, केनेवे' म्हणून कुणाला ओरडत होतास? आईचं नाव काही ते नव्हतं."

जन्मात पहिल्यांदा लेथोलाला शब्द सापडेना. मापित्सोनं डोळे मिटून घेतले. संपलं, तिला वाटलं.

"घोडीला," मात्सेलिसो म्हणाली.

ती इतका वेळ चुलीपाशी पापा, म्हणजे मक्याच्या पिठाची घट्ट उकड, घोटत होती. मान वर केली नाही, की हात थांबवला नाही.

"कुणाला?"

"घोडीला. करडीचं नाव केनेवे आहे. तिचंच शेपूट धरून आला ना हा? मग तिला हाक मारेल नाही तर तुला मारेल?"

"हे नाव मी कधी ऐकलं नाही."

"तू आमच्या गोठ्यात राहतोस का, ऐकायला? पापा खाणार असलास तर बस. नाहीतर दार लाव, वारा येतोय."

मुलीचं नाव मागणी घालणाऱ्या सासूला ठाऊक नसणार? पण मापित्सोशी ती त्याबद्दल एक अक्षर बोलली नाही. ना त्या दिवशी, ना पुढं कधी. सेखोबे गेल्यावर एवढंच म्हणाली, "उभी काय राहिलीस? चूल बघ, तळाला लागतंय."

तेव्हापासून घोडीचं नाव केनेवे पडलं. एकदा म्हटल्यावर म्हणावंच लागणार. गावातली पोरं तिला केनेवे म्हणू लागली. म्हातारा रोज सकाळी अंगणात येऊन हाळी द्यायचा, "केनेवे! चल, पाणी पिऊन घे." आणि आत चुलीपाशी मापित्सो राखेत फुंकर घालता घालता हळूच "ओ" म्हणायची.

पुढं बरंच काही झालं. त्सेलिसो खाणीतून खोकला घेऊन परतला आणि दोन हिवाळ्यांत गेला. मुली लग्न होऊन दूर गेल्या, त्यांनाही तिकडं नवी नावं मिळाली. स्पोटी गेला. मेंढरं वर न्यायची आणि आणायची हे काम मापित्सोच करू लागली, आणि बाईमाणूस म्हणून कुणी काही बोललं नाही. मग घोडीही गेली, म्हातारी होऊन, उन्हात उभ्याउभ्या.

लेथोलाची सकाळची हाक मात्र थांबली नाही. काठी टेकत अंगणात यायचा, रिकाम्या गोठ्याकडे पाठ करून उभा राहायचा आणि ओरडायचा, "केनेवे!" लोक हळहळायचे. बिचारा भ्रमिष्ट झाला, मेलेल्या घोडीला हाका मारतो, म्हणायचे. मात्सेलिसो ऐकून न ऐकल्यासारखं करायची.

मापित्सो हातातलं काम टाकून बाहेर यायची. "काय पाहिजे, न्ताते?"

"काही नको गं," म्हातारा म्हणायचा. "ओ येते का, तेवढं बघत होतो."